लॅपटॉपचे वायफाय वारंवार तुटते, मोबाइलचे मात्र तुटत नाही : दोष नेमका कुठे शोधावा?

भागाकार (धागाकर्ती)

नमस्कार. मी कोथरूडमध्ये राहते आणि आठवी ते दहावीच्या मुलांना घरून ऑनलाइन गणित शिकवते. गेल्या दीड महिन्यापासून एका अडचणीने मला अक्षरशः जेरीस आणले आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

लॅपटॉप चार वर्षांचा असून त्यावर विंडोज 11 आहे. घरात 100 एमबीपीएसची फायबर जोडणी आहे. राउटर बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या कपाटावर आहे, मी आतल्या खोलीत शिकवते आणि मध्ये दोन भिंती येतात. तास सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे सगळे सुरळीत चालते आणि मग जोडणी तुटते. कधी खालच्या पट्टीवरचे वायफायचे चिन्ह जाऊन तिथे पृथ्वीगोल येतो, तर कधी चिन्ह पूर्ण भरलेले दिसत असूनही माझा आवाज मुलांपर्यंत पोहोचत नाही. परवा वर्तुळाला स्पर्शिका काढत होते. मुलांच्या पडद्यावर रेष अर्ध्यात थांबली आणि मला मात्र माझ्या पडद्यावर ती पूर्ण झालेली दिसत होती. मी पुढची दोन मिनिटे कोणालाच ऐकू न येणारी सिद्धता समजावून सांगत राहिले. वीस-तीस सेकंदांत किंवा मिनिटभरात जोडणी आपोआप परत येते.

राउटर बंद करून चालू केला, लॅपटॉपवरची जोडणी पुसून पासवर्ड नव्याने टाकला, इंटरनेट देणाऱ्यांकडे तक्रार केली. त्यांचा माणूस येऊन तपासून गेला आणि लाइन ठीक असल्याचे म्हणाला. त्याच टेबलावर, त्याच वेळी, त्याच वायफायवर माझा मोबाइल मात्र व्यवस्थित चालतो. नवा राउटर घ्यावा का, हा माझा प्रश्न आहे.

तारायंत्र

राउटर कृपया इतक्यात घेऊ नका. मोबाइल त्याच जागी नीट चालतो, या एका निरीक्षणामुळे राउटरवरचा संशय बराच कमी होतो. पण तोही पुराव्यानिशी दूर करू.

आपण ज्याला सरसकट 'नेट गेले' म्हणतो, त्यात दोन वेगळे टप्पे असतात. पहिला टप्पा लॅपटॉप ते राउटर हा हवेतला, आणि दुसरा राउटर ते बाहेरचे जग हा तारेतला. कोणता टप्पा तुटतो हे कळेपर्यंत कोणतीही सेटिंग बदलू नये असे माझे ठाम मत आहे. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या, तर दोष गेला तरी तो कशामुळे गेला हे समजत नाही आणि महिन्याभराने तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे विंडोजची आज्ञा लिहायची खिडकी, उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्या. वायफायच्या माहितीत 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून जो आकडा दिसेल, बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1, तो तुमच्या राउटरचा पत्ता. आता दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा. एकीत 'पिंग' (दिलेल्या पत्त्याकडून उत्तर येते का हे पाहणारी आज्ञा), त्यापुढे राउटरचा पत्ता आणि शेवटी हायफन व टी हे अक्षर लिहा. दुसरीत तीच आज्ञा 8.8.8.8 या बाहेरच्या पत्त्यासाठी द्या. दोन्हीकडे दर सेकंदाला एक ओळ उमटत राहील. या खिडक्या तासभर चालू ठेवा आणि जोडणी तुटेल तेव्हा काय दिसते ते लिहून ठेवा.

राउटरकडून उत्तर नियमित येत असेल आणि फक्त 8.8.8.8 कडून येत नसेल, तर लॅपटॉपचा काही दोष नाही, मग पुन्हा इंटरनेट देणाऱ्यांशीच बोलावे लागेल. राउटरकडूनही उत्तर येत नसेल, तर लाइन तपासून काहीच हाती लागणार नाही. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आणि 'जनरल फेल्युअर' या दोन संदेशांतला फरकही टिपून ठेवा. पहिल्याचा अर्थ, जोडणी कागदोपत्री आहे पण उत्तर पोहोचत नाही. दुसऱ्याचा अर्थ, पाठवायला जोडणीच उरलेली नाही.

जुनावाडा

मी शनिवार पेठेतल्या वाड्यात राहतो. आमच्याकडे खालचे जोते दगडी आणि वरच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या आहेत. राउटर ज्या दोन लहरपट्ट्यांवर बोलतो, त्यांपैकी 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाता जाताच संपतो, 2.4 गिगाहर्ट्झचा कसाबसा पोहोचतो. दोन्ही पट्ट्यांना राउटरने एकच नाव दिले होते, त्यामुळे लॅपटॉप सारखा इकडून तिकडे उड्या मारत असे आणि प्रत्येक उडीला दोन-तीन सेकंद जात असत. दोन्हींना वेगळी नावे देऊन लॅपटॉप 2.4 वर ठेवला, तेव्हा कुठे स्वस्थता आली. धागाकर्तींनी हे करून पाहावे. राउटरच्या मागे लोखंडी कपाट किंवा मोठा आरसा असेल तर राउटर तिथून हलवावा, धातू आणि आरशामागचा मुलामा दोन्ही लहरी अडवतात.

मुठेकाठी

भिंतींइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, त्रास शेजारच्या राउटरांचा होतो. आमच्या सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीत एका खोलीत उभे राहून मोजले तर तीसच्या वर वायफायची नावे दिसतात. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे 1 ते 13 असे चॅनेल, म्हणजे पट्ट्यातले छोटे भाग, वापरता येतात, पण ते एकमेकांपासून फक्त 5 मेगाहर्ट्झ अंतरावर आहेत आणि एका राउटरला किमान 20 मेगाहर्ट्झ रुंदी लागते. म्हणून एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीनच उरतात: 1, 6 आणि 11. शेजाऱ्याने 3 किंवा 4 निवडला, तर तो 1 वाल्यालाही छळतो आणि 6 वाल्यालाही. त्याच पट्ट्यात ब्लूटूथ चालते आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही साधारण 2.45 गिगाहर्ट्झवरच चालतो.

त्यामुळे जुनावाडा यांचा सल्ला वाड्यासाठी योग्य असला, तरी कोथरूडच्या इमारतीत मी उलटे सुचवेन. 5 गिगाहर्ट्झवर जा. सरकारने 2018 मध्ये या पट्ट्यातला एकूण 605 मेगाहर्ट्झचा भाग परवानामुक्त केल्यापासून तिथे जागेची टंचाई नाही, आणि दोन साध्या विटांच्या भिंती तो सिग्नल बहुधा ओलांडतो.

भागाकार

सर्वांचे मनापासून आभार. तारायंत्र यांनी सांगितलेली चाचणी काल संध्याकाळी दीड तास चालवली. जोडणी नऊ वेळा तुटली. नऊही वेळा दोन्ही खिडक्या एकदमच थांबल्या, म्हणजे राउटरकडूनही उत्तर येत नव्हते. आधी चार-पाच ओळींत उत्तराचा वेळ 3 मिलिसेकंदांवरून 200, 600, 1400 असा चढत गेला, मग 'टाइम्ड आउट' आले आणि चार वेळा त्यापुढे 'जनरल फेल्युअर'. दोष हवेतल्या टप्प्यात आहे हे तरी नक्की झाले.

मुठेकाठी यांच्या सांगण्यावरून मोजले तर आमच्याकडे 23 नावे दिसतात. राउटर 2.4 वर चॅनेल 6 वापरत होता. तो 11 वर नेला आणि दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे दिली. दोन्हीवर दोन-दोन तास घेऊन पाहिले. दोन्हीवर जोडणी तुटते, 5 वर थोडी जास्त.

तारायंत्र

उत्तराचा वेळ आधी चढत जातो आणि मग उत्तर बंद होते, ही खूण मोलाची आहे. लॅपटॉपचे वायफाय कार्ड एकदम झोपी गेले असते तर 3 मिलिसेकंदांनंतर थेट शांतता झाली असती. वेळ चढतो याचा अर्थ माहितीची पाकिटे पुन्हा पुन्हा पाठवावी लागत आहेत, म्हणजे एक तर हवेत गोंगाट आहे किंवा सिग्नल क्षीण होत आहे.

दोन्हींपैकी कोणते, हे ठरवायला पुण्यात एक सोय फुकट मिळते. तुमच्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद होते का? होत असेल आणि तुमच्याकडे इन्व्हर्टर असेल, तर राउटर त्यावर चालू ठेवा आणि लॅपटॉप बॅटरीवर. आजूबाजूचे बहुतेक राउटर त्या वेळी बंद असतील. बाहेरचे इंटरनेट आले नाही तरी बिघडत नाही, आपल्याला फक्त राउटरपर्यंतचा पिंग पाहायचा आहे. त्या शांततेतही जोडणी तुटली, तर शेजाऱ्यांवरचा आरोप मागे घ्यावा लागेल.

खोडदवारी

शेजाऱ्यांचे राउटर हा गोंगाटाचा एकच प्रकार झाला. टेबलावरच्या वस्तूही गोंगाट करतात. लॅपटॉपला यूएसबी 3.0 ची हार्डडिस्क किंवा हब जोडलेला आहे का, हे कृपया सांगा. यूएसबी 3.0 च्या तारेतून सेकंदाला 5 गिगाबिट वेगाने माहिती धावते, आणि तिच्यातून निघणारा रेडिओ-गोंगाट नेमका 2.4 ते 2.5 गिगाहर्ट्झच्या भागात सांडतो. इंटेलने 2012 मध्येच हे मोजमापांसह प्रसिद्ध केले होते. तार निकृष्ट असेल आणि हब पडद्याजवळ ठेवलेला असेल, तर बिनतारी माउसही अडखळू लागतो.

विषयाला धरूनच एक आठवण सांगतो. नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, आणि 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे विज्ञान प्रदर्शन भरते. ते पाहायला गेलो असताना आम्हाला मोबाइल बंद ठेवायला सांगितले होते. दूरच्या आकाशगंगेतून येणारा क्षीण सिग्नल ऐकायचा, तर जवळच्या यंत्राचा आवाज आधी बंद करावा लागतो, हे मला तिथे पहिल्यांदा समजले. घरातला राउटर काही आकाशगंगा नव्हे, पण दोन भिंतींपलीकडून येणारा त्याचा सिग्नल लॅपटॉपपर्यंत पोहोचेपर्यंत खरोखरच अतिशय क्षीण झालेला असतो, आणि हार्डडिस्क मात्र वीतभर अंतरावर असते.

भागाकार

हार्डडिस्क आहे. तासांचे चित्रीकरण तिच्यावरच साठवते आणि ती लॅपटॉपच्या डाव्या बाजूला अगदी चिकटून असते! काढून ठेवली. 2.4 वर फरक जाणवला, तासाभरात सहा-सात वेळा तुटणारी जोडणी तीन-चार वेळांवर आली. 5 वर काहीच फरक नाही.

गुरुवारी सकाळी दहा ते दोन वीज नव्हती. राउटर इन्व्हर्टरवर चालू ठेवला. 23 नावांची यादी 4 वर आली. आणि तरीही त्या चार तासांत जोडणी अकरा वेळा तुटली. मी उगाच शेजाऱ्यांच्या नावाने बोटे मोडत होते, याचे वाईट वाटले.

मोकळीप्रणाली

मी लिनक्स वापरतो, तरी ऊर्जाबचतीचा मुद्दा सर्व प्रणालींना लागू आहे, म्हणून लिहितो. वीज वाचवण्यासाठी कार्ड मधून मधून डुलकी घेते, आणि काही राउटरांशी त्याचा मेळ बसत नाही. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय कार्डाचे गुणधर्म उघडल्यास 'पॉवर मॅनेजमेंट' या पानावर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण असते, ती काढून टाकावी. काही नव्या लॅपटॉपांवर हे पानच दिसत नाही, तो दोष नव्हे, त्यांची निद्रावस्थेची पद्धत वेगळी असते. लिनक्सवर नेटवर्क मॅनेजरच्या मांडणीत वायफायच्या पॉवरसेव्हला 2 हा आकडा दिला की बचत बंद होते.

इंटेलची कार्डे असतील, तर 'ॲडव्हान्स्ड' पानावर 'रोमिंग ॲग्रेसिव्हनेस' नावाची एक नोंद असते. घरात एकच राउटर असेल तर ती सर्वांत खालच्या पायरीवर ठेवावी, म्हणजे कार्ड सारखे दुसरा राउटर शोधत बसत नाही. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, मात्र लॅपटॉप बनवणाऱ्यांच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अद्ययावत करू' म्हणणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरपासून दूर राहावे, त्यांनी माझ्या ओळखीतल्या दोघांचे लॅपटॉप पार बिघडवले.

भागाकार

ऊर्जाबचतीची खूण काढली आणि ड्रायव्हर नवा टाकला, पण फरक पडला नाही. विंडोज स्वतः वायफायचा अहवाल तयार करते असे वाचले होते, तोही काढला. प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' ही आज्ञा दिली की मागच्या तीन दिवसांचा आलेख असलेले एक पान तयार होते. त्यात लाल गोळ्यांची रांगच लागली आहे. कारणाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ड्रायव्हरने जोडणी तोडल्याचे लिहिले आहे. आता जुना ड्रायव्हर परत आणू का?

तारायंत्र

नको. 'ड्रायव्हरने तोडली' म्हणजे 'ड्रायव्हर सदोष आहे' असा अर्थ घेऊ नये. सिग्नल पूर्णपणे नाहीसा झाला, तरी जोडणी संपल्याची नोंद करण्याचे काम ड्रायव्हरच करतो. निरोप्याने वाईट बातमी आणली म्हणून ती त्याने घडवली असे होत नाही.

आतापर्यंतचा हिशोब असा आहे. लाइन ठीक, राउटर ठीक, शेजारी निर्दोष. हार्डडिस्क थोडी दोषी, पण तिला काढूनही दोष उरतोच. ड्रायव्हर नवा. दोन्ही पट्ट्यांवर दोष सारखा दिसतो, म्हणजे तो एखाद्या चॅनेलचा नाही. उरला लॅपटॉपचा स्वतःचा कान.

तो तपासण्यासाठी मोबाइल आणि लॅपटॉप एकाच फूटपट्टीने मोजा. विंडोज सिग्नल टक्क्यांत दाखवते आणि मोबाइलचे ॲप डेसिबलमध्ये, त्यांची तुलना करून उपयोग नाही. बऱ्याच राउटरांच्या व्यवस्थापन पानावर जोडलेल्या प्रत्येक उपकरणाचा सिग्नल लिहिलेला असतो. दोन्ही उपकरणे राउटरपासून दीड मीटरवर एकाच स्टुलावर ठेवा, दोन्ही 5 गिगाहर्ट्झवर असू द्या आणि राउटर त्यांना किती जोराने ऐकतो ते पाहा. आकडे उणे असतात, उणे 45 चांगला, उणे 67 पर्यंत बोलणे नीट चालते, उणे 80 ला जवळजवळ काही उरत नाही. दर 3 डेसिबलला शक्ती निम्मी होते, म्हणजे 20 डेसिबलचा फरक शंभरपट असतो. मोबाइल आणि लॅपटॉप यांच्यात पाच-सात डेसिबलचा फरक मी सोडून देईन, पंधरा-वीसचा नाही.

त्याच वेळी दोन्हींवर दुव्याचा, म्हणजे उपकरण आणि राउटर यांच्यातल्या जोडणीचा, वेगही पाहा. आणि एक प्रश्न: हा त्रास सुरू होण्याच्या सुमारास लॅपटॉप कोणी उघडला होता का? रॅम, बॅटरी, पंख्याची सफाई, काहीही.

भागाकार

आकडे पाहून मी थक्क झाले. स्टुलावर, राउटरच्या समोर, मध्ये भिंत नाही: मोबाइल उणे 43. लॅपटॉप उणे 68, आणि तोही स्थिर नाही, उणे 64 ते उणे 79 असा हलत राहतो. मोबाइलवर दुव्याचा वेग 866 एमबीपीएस दिसतो. लॅपटॉपवर तो 175 च्या आसपास घुटमळतो आणि एकदाही 433 च्या वर गेला नाही.

आणि हो, बॅटरी बदलली होती. जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी. जुनी बॅटरी फुगून टचपॅड वर आला होता, म्हणून जवळच्याच एका दुकानात नेऊन नवी बसवून घेतली. त्याच आठवड्यात मी शिकवण्याचे टेबल बाहेरच्या खोलीतून आत हलवले. त्यामुळे भिंतींमुळे असे होत असेल असेच मी धरून चालले आणि बॅटरीचा संबंध मनातच आला नाही.

आणखी एक गोष्ट आपण विचारल्यावर मुद्दाम करून पाहिली. राउटरचे पान मोबाइलवर उघडे ठेवून लॅपटॉपचे झाकण हळूहळू मागे-पुढे केले. झाकण सरळ उभे असताना उणे 66. थोडे मागे कलवले की उणे 78. तळव्याने की-बोर्डच्या डाव्या कडेवर किंचित दाब दिला की परत उणे 65. तीन वेळा केले, तिन्ही वेळा तसेच झाले. मी लिहिताना डावा हात तिथेच टेकवते आणि पाटीवर आकृती काढायला लागले की उचलते! मुलांच्या पडद्यावरची रेष अर्ध्यात का थांबत होती, हे मला आत्ता कळले.

दुरुस्तीवाला

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ गेली अनेक वर्षे दुरुस्तीचे काम करतो, त्यामुळे हे वाचून राहवले नाही. तुमच्या लॅपटॉपच्या अँटेनाच्या तारा सुटलेल्या किंवा अर्धवट बसलेल्या आहेत, असे मी जवळजवळ खात्रीने सांगतो.

अँटेना पडद्याच्या चौकटीत असतात. तिथून दोन बारीक तारा, बहुधा एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी, बिजागरीतून खाली येतात आणि वायफाय कार्डावरच्या दोन गोल सोनेरी टोप्यांवर बसतात. टोपी ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असते. काही मॉडेलांत या तारा बॅटरीच्या कडेने जातात, आणि बॅटरी काढताना त्या बाजूला कराव्या लागतात. परत बसवताना टोपी वरवर टेकली तरी बसल्यासारखी दिसते. लॅपटॉप चालू केला की वायफाय लागते, कारण दुकानात राउटर डोक्यावरच असतो, आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. माझ्या हातूनही सुरुवातीच्या काळात असे घडले आहे. तेव्हापासून मी वायफाय लागले एवढे पाहून लॅपटॉप परत देत नाही, जिन्याखाली नेऊन सिग्नल मोजतो.

दुव्याच्या वेगावरूनही हेच दिसते. तुमच्यासारखे दोन अँटेनांचे कार्ड 80 मेगाहर्ट्झ रुंदीवर 866 पर्यंत जाते आणि एकाच अँटेनावर 433 ला अडते. मात्र काही स्वस्त लॅपटॉपांत मुळातच एक अँटेना असलेले कार्ड असते, तिथे 433 ही मर्यादाच असते. म्हणून इतर वाचकांनी आधी आपल्या कार्डाचा क्रमांक पाहून मगच निष्कर्ष काढावा.

स्वतः उघडणार असाल तर वॉरंटी उरलेली नाही ना, हे आधी पाहा. लॅपटॉप पूर्ण बंद करा, झोपवू नका. चार्जर काढा. मागचे झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी मदरबोर्डवरून सोडवा, ती तशीच ठेवून आत बोट घालू नका. हात एखाद्या धातूच्या भांड्याला लावून अंगातली स्थिर वीज घालवा. मग टोपी कार्डावरच्या खुंटीवर अगदी मधोमध ठेवा, बोटाच्या टोकाने जाणवेल की ती इकडे-तिकडे सरकत नाही, आणि नखाने सरळ खाली दाबा. 'टक्' असे हाताला कळते. तिरके दाबू नका, टोपीची कड वाकते आणि मग ती कधीच धरत नाही. सारखी काढ-घालही करू नये, या टोप्या मोजक्याच वेळा काढण्यासाठी बनवलेल्या असतात. मन धजत नसेल तर कोणाकडूनही करून घ्या, दहा मिनिटांचे काम आहे, पण समोर उभे राहून करून घ्या.

भागाकार

दुकानात न नेता भावाला बोलावले, तो घड्याळे दुरुस्त करतो आणि त्याचा हात स्थिर आहे. झाकण उघडल्यावर काळी तार कार्डाच्या शेजारी नुसती पडलेली होती, टोपीला धूळ चिकटली होती. करडी तार खुंटीवर तिरकी टेकली होती, तिच्या एका बाजूला केसाएवढी फट दिसत होती. त्याने भिंगातून पाहून धूळ झटकली, तार बॅटरीच्या कडेच्या खाचेतून नीट वळवली आणि दोन्ही टोप्या दाबल्या. दोन्ही वेळा ते 'टक्' मलाही ऐकू आले.

आता त्याच स्टुलावर, त्याच अंतरावर: उणे 46. झाकण कसेही हलवले तरी एक-दोन आकड्यांपलीकडे फरक नाही. दुव्याचा वेग 866. आतल्या खोलीत, दोन भिंतींपलीकडे, उणे 61.

तारायंत्र

फार आनंद झाला. हार्डडिस्क मात्र मीटरभर लांबच ठेवा, किंवा तासाच्या वेळी 5 गिगाहर्ट्झच वापरा. ती दोषमुक्त झालेली नाही.

लोहगावहून

याच धाग्यात विचारतो, कारण माझा त्रास थोडा वेगळा आहे. माझ्याकडे 5 गिगाहर्ट्झ दिवसातून दोन-तीनदा सगळ्याच उपकरणांवर एकदम जाते, मोबाइलवरही, आणि मिनिटभराने येते. 2.4 कधीच जात नाही. राउटर चॅनेल 100 वर आहे. विमानतळ जवळ आहे, त्याचा संबंध असेल का?

मुठेकाठी

सगळी उपकरणे एकदम जातात, म्हणजे लॅपटॉप तपासण्यात वेळ घालवू नका. चॅनेल 52 ते 64 आणि 100 ते 144 हे रडारबरोबर वाटून घ्यावे लागणारे आहेत. त्यांवर राउटरला सतत कान देऊन बसावे लागते. रडारसारखी खूण ऐकू आली की तो दहा सेकंदांत ते चॅनेल सोडतो आणि अर्धा तास तिथे परत जात नाही. तशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचे, तर आधी किमान साठ सेकंद नुसते ऐकावे लागते, तुमचे ते मिनिट बहुधा हेच असावे. विमानतळाच्याच रडारमुळे हे होते असे मी म्हणणार नाही, राउटर भलत्याच गोंगाटालाही रडार समजतात. कारण कोणतेही असो, उपाय एकच आहे. चॅनेल 36 ते 48 किंवा 149 ते 161 यांपैकी एक हाताने ठरवून द्या, 'ऑटो' ठेवू नका. राउटरची नोंदवही उघडली तर रडारचा उल्लेख वेळेसह सापडू शकेल.

लोहगावहून

नोंदवहीत कालच्या दोन नोंदी सापडल्या, दुपारी 1.12 आणि संध्याकाळी 6.40. चॅनेल 44 केले आहे. आठवडाभर पाहून इथेच कळवतो.

जुनावाडा

हा धागा वाचून मीही माझा लॅपटॉप आणि मोबाइल एका स्टुलावर ठेवून मोजले. दोन्ही जवळजवळ सारखे आले, उणे 44 आणि उणे 47. माझ्याकडे दोष खरोखर भिंतींचाच आहे. रविवारी माजघरापर्यंत तार ओढून तिथे दुसरा राउटर बसवतो आहे.

भागाकार

आज भूमितीचा दीड तासाचा सलग तास घेतला आणि पिंगची खिडकी कोपऱ्यात चालू ठेवली. 5400 पैकी 4 उत्तरे आली नाहीत, तीही वेगवेगळ्या वेळी. स्पर्शिकेची सिद्धता पहिल्यापासून पुन्हा शिकवली, या वेळी डावा हात मुद्दाम टेबलाखाली ठेवून.